दादरमधले दोन द

गेल्या चार महिन्यांत 'दादर' हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल, त्याची गणती नाही. स्टेशनचं नाव म्हणून नव्हे, कसोटी म्हणून. मी एक फाँट बनवते आहे. जाडजूड, मथळ्यांसाठीचा, जुन्या छापखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसणारा. कडा झिजलेल्या, अक्षराच्या पोटात शाई न लागलेले पांढरे ठिपके, कुठे कोपरा उडालेला. रोमन लिपीत अशा फाँटांचा ढीग आहे, देवनागरीत मात्र मनासारखा एक मिळायची मारामार. म्हणून हा खटाटोप.

'दादर'मध्ये दोन द आहेत. पहिल्या 'द'च्या पोटावर जो टवका आहे, तोच टवका, त्याच मापाचा, त्याच जागी दुसऱ्या 'द'वर दिसला की सगळं संपलं. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण नजरेला कळतं. छापखान्यात दोन द म्हणजे दोन वेगळे खिळे, धातूत ओतलेली सुटी अक्षरं. एक गेल्या वर्षी आलेला, दुसरा दहा वर्षं मार खाल्लेला. दोघांची झीज सारखी असणं शक्यच नाही. 'लालबाग'मध्ये दोन ल, 'काका'मध्ये दोन क, 'मामा'मध्ये दोन म. मराठी या बाबतीत फार कडक परीक्षा घेते.

हे वेड लागण्याचं कारण बाबांचा एक प्रश्न आहे. दोनेक वर्षांपूर्वी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, नवीन खाद्यगृह निघालं. त्यांच्या मेनूकार्डाचं काम माझ्याकडे होतं. त्यांना सगळं 'जुन्या छपाईसारखं' हवं होतं. मी एक स्वच्छ ठळक मराठी फाँट घेतला, त्यावर तयार मिळणारा धुळीचा पोत टाकला आणि नमुना घरी आणला. बाबांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग एका अक्षराच्या मधोमध पडलेल्या पांढऱ्या डागावर बोट ठेवून विचारलं, "इथली शाई कुठे गेली?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पुढे विचारलं, "कागद भिजला होता? रूळ कमी पडला? खिळा खाली बसला होता?" यातलं काहीच झालं नव्हतं. डाग संगणकाने टाकला होता आणि तो तिथे का आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की छापलेल्या कागदावरच्या प्रत्येक दोषाला बाबांच्या लेखी एक कारण असतं, आणि कारण कळलं की ते लगेच हात घालून तो दोष काढतात. त्यांचं सगळं काम तेच होतं.

बाबा जुळारी होते. ठाकूरद्वारच्या एका बोळातल्या लहान छापखान्यात त्यांनी २४ वर्षं खिळे जुळवले. जुळारी उभ्याने काम करतो. समोर उतरती केस, तिच्यात खण, खणांत खिळे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ रचायचा छोटा साचा, धरायची, उजव्या हाताने खिळा उचलायचा. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती बोटाला लागली की न बघताच कळतं, बाजू बरोबर आहे. शब्द डावीकडून उजवीकडेच रचत जायचा, पण डोक्यावर उभा. त्यामुळे आजही समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर बाबा पलीकडून सहज उलटा वाचतात. लहानपणी मला वाटायचं, हे सगळ्यांच्याच वडलांना येतं. घरी आल्यावर ते आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासायचे. शिशाचे हात भाकरीला लागता कामा नयेत, हा आईचा दंडक होता.

खिळा शिशाचा म्हणतात, पण त्यात अँटिमनी आणि कथीलही असतं. नुसतं शिसं फार मऊ. अँटिमनीने त्याला कडकपणा येतो. तरी शेवटी ते शिसंच, हजारो प्रतींचा दाब सोसून त्याचे कोपरे गोल होणारच. खिळ्याची उंची पायापासून अक्षराच्या माथ्यापर्यंत ०.९१८ इंच, आणि सगळा खेळ या शेवटच्या हजारांशाचा. एखादा खिळा किंचित उंच राहिला तर कागदात रुततो, शाई कडेला ढकलली जाते आणि अक्षर जाड, काळंकुट्ट उमटतं. किंचित झिजून खाली गेला तर फिकट. मग मशीनमन खालून पातळ कागदाच्या चिकट्या लावून त्याला वर आणायचा. कधी कधी एका फर्म्यावर, म्हणजे छापायला एकत्र बांधलेल्या जुळणीवर, अर्धी दुपार जायची. म्हणजे जो खडबडीतपणा मी आज फाँटमध्ये घालू बघते, तो घालवण्यात त्या लोकांच्या दुपारी गेल्या.

अशी शैली नेहमी जाड अक्षरांतच का दिसते, याचंही उत्तर मला बाबांनीच दिलं. बारीक अक्षरात झीज लपते, कारण झिजायला तिथे अंगच नसतं. जाड अक्षराचं काळं क्षेत्र मोठं. तेवढ्या भागावर रुळाची शाई सारखी बसणं आणि सारखा दाब पडणं अवघड. म्हणून मधे मीठ शिंपडल्यासारखे पांढरे कण राहतात आणि कडेला मात्र शाई दाटून काळी रेघ उमटते. पोट फिकं, कड गडद. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक 'जुन्या' फाँटांत याच्या नेमकं उलट दिसतं. कडा कुरतडलेल्या आणि पोट ठिकठाक.

मोठ्या अक्षरांचा विषय निघाला की लाकडाकडे यावंच लागतं. धातूचा मोठा ठसा ओतला की भयंकर जड होतो, महाग पडतो, आणि थंड होताना पृष्ठभाग सारखा राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्सने १८२७ साली लाकडी अक्षरं यंत्राने कोरून काढायची युक्ती शोधली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला, म्हणजे एका नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर कापता येऊ लागलं. जाहिरातींच्या भिंती तिथून बदलल्या. आपल्याकडेही नाटकांच्या, तमाशांच्या, सभांच्या मोठ्या पत्रकांसाठी छापखान्यात लाकडी अक्षरांचा एखादा संच असायचा. बाबांच्या छापखान्यातला संच अपुरा होता. अक्षरं कमी पडली की हे लोक जोडाजोड करायचे. अर्धा 'प' घ्यायचा, त्याला एक काना चिकटवून बसवायचा, झाला पूर्ण 'प'. छापल्यावर त्या अक्षरात वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी फट दिसायची. ती फट माझ्या फाँटमध्ये आहे. फक्त एका 'प'ला.

पहिले ठसे मला चोर बाजारात मिळाले. मटण स्ट्रीटवर एका दुकानात पितळी दिव्यांच्या खाली एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात २७ लाकडी अक्षरं. काही दोन इंची, काही तीन इंची, एकाच संचातली नव्हेतच. क, द, र, व, म, दोन काने, एक मोडकी वेलांटी. ळ नव्हता. मराठी अक्षरसंचात ळ नसणं म्हणजे घरात मीठ नसणं. तो मला 'क' आणि 'व'च्या वळणांवरून स्वतः काढावा लागला, आणि आजही माझं सगळ्यात कमी समाधान त्याच अक्षराने केलं आहे. ल मात्र होता, आणि तो आपल्या वळणाचा, पाकळीचा ल. तो बघून मला किती आनंद झाला ते दुकानदाराला कळलं असणार, कारण पेटीचा भाव तिथल्या तिथे वाढला.

ते ठसे आम्ही घरच्या गॅलरीत छापले. छापयंत्र नाही, मग रबरी रूळ, काचेच्या तुकड्यावर शाई, आणि दाबायला डाव. पहिले दहा-बारा कागद नुसते लडबडले. बाबा म्हणाले, "अगं, शाई खायला घालतेस का त्याला? आवाज ऐक." रूळ काचेवर फिरताना शाई बरोबर असली की एक बारीक चरचर ऐकू येते. जास्त झाली की चिकट, ओला आवाज. तो कळायला मला दोन रविवार लागले.

तिथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली. लाकडी छपाईचा भास देणाऱ्या बऱ्याच फाँटांत अक्षराच्या अंगावर लाकडाच्या लांब रेघा दाखवलेल्या असतात. पण चांगला लाकडी टाइप फळीतून कापलेला नसतो. खोड आडवं कापल्यावर जो तोंडाचा भाग दिसतो, त्यावर कोरलेला असतो. तिथे धागे उभे असतात, दाब सोसतात, आणि लांब रेघा उमटतच नाहीत. माझ्या २७ पैकी चार ठसे फळीतून कापलेले निघाले, कुणीतरी स्थानिक सुताराकडून भागवलेले असावेत, आणि त्या चारांत खरोखरच रेघा आल्या. मी त्या ठेवल्या. बाकीच्यांत उसन्या आणल्या नाहीत.

आणि मग देवनागरीचं स्वतःचं असं जे काही आहे, तिथे मी पोचले. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांची झीजही सुटी. आपली अक्षरं शिरोरेघेने एकमेकांना धरून असतात. पण ही रेघ एकसंध कधीच नव्हती. ती प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर तुकड्यातुकड्याने कोरलेली असायची आणि शेजारच्या खिळ्याला टेकून अखंड दिसायची. खिळे नवे असले की सांधा दिसत नाही. टोकं झिजली की दोन अक्षरांमध्ये एक बारीक पांढरी चीर पडते. जुन्या मराठी पुस्तकाचं कुठलंही पान प्रकाशात धरा, या चिरा दिसतील. मला वाटतं, आपल्या छपाईची खरी खूण हीच आहे. धुळीचे ठिपके कुठल्याही लिपीवर टाकता येतात, पण शिरोरेघेतली चीर फक्त आपली. संगणकावर मात्र याच्या उलट मेहनत करावी लागते. तिथे शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढवून ठेवतात, म्हणजे रेघ कुठेही तुटणार नाही. मी काही मोजक्या सांध्यांवर ती पुन्हा सोडवली. काही दिवस तर फक्त हेच केलं, कुठली चीर ठेवायची आणि कुठली बुजवायची.

रेघेच्या वर आणि खाली जे असतं, ते सगळ्यात आधी मोडतं. रफार, वेलांटीचं टोक, मात्रा. खिळ्याच्या अंगाबाहेर जो भाग लोंबतो त्याला खालून आधार नसतो, एक चुकीचा धक्का आणि गेला. अनुस्वाराचं तर विचारूच नका. 'रंग'मधला टिंब उडाला की 'रग' उरते, 'खंत'चं 'खत' होतं, 'मंद'चा 'मद'. चुका दिसल्या की मुद्रितशोधक आणि जुळारी एकमेकांकडे बघायचे आणि दोघे मिळून मुद्राराक्षसावर ढकलायचे. बाबा मात्र सांगतात की अनुस्वाराचा खिळा ते हातात घेतल्यावर अंगठ्याच्या नखाने चाचपून बघायचे, टिंब जागेवर आहे ना. म्हणून माझ्या फाँटमध्ये अनुस्वार झिजवलेला नाही. त्याची कड थोडी मऊ आहे, बाकी तो पूर्ण आहे. कुणी म्हणेल, हे वास्तवाला धरून नाही. असू दे. वाचणाऱ्याला 'खत' वाचायला लावून मला जुनेपणा नको आहे.

यातला एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही, तो इथे मांडते.

गिरगावपासून चार पावलांवर, कोलभाट गल्लीत, निर्णयसागर छापखाना होता. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. ओतून आलेल्या खिळ्याच्या कडेला धातूचे कण, कंगोरे राहतात, ते घासून साफ करायचं काम. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा कसबी माणूस त्यांच्याबरोबर होता. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ आजही हातात घेतले की बारीक टीपसुद्धा कशी टोकदार, कशी स्वच्छ. ज्या माणसाने अक्षर घासून गुळगुळीत करण्यापासून आयुष्याला सुरुवात केली, त्याच्या शहरात बसून मी अक्षरं मुद्दाम खरवडते आहे. त्यांना हे दाखवायची वेळ आली असती तर मी काय सांगितलं असतं?

निर्णयसागरच्या पानात मला हवा तो खडबडीतपणा नाहीच. तो सापडतो लहान छापखान्यांच्या कामात, जिथे नवे खिळे घ्यायला पैसे नव्हते. वर्गणीच्या पावत्या, सत्यनारायणाची आमंत्रणं, नाटकाची गुलाबी हस्तपत्रकं. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या काळात बाबांनी रात्री थांबून पत्रकं जुळवली. त्यातलं एक आमच्याकडे आहे. कागद पिवळा पडून कडेला तुटायला आला आहे. मथळ्यातला 'मगार' फिकट, 'का' काळाभोर. तो 'का' नवा होता म्हणून नव्हे, उंच राहिला होता आणि रात्री दोन वाजता खालून चिकट्या लावत बसायला कुणाला वेळ नव्हता. तो फिकटपणा म्हणजे घाई आहे, रॉकेलने धुऊन धुऊन वापरलेले तेच खिळे आहेत. आणि चाळीस वर्षांनी मी नेमका तोच फिकटपणा, गिरणीच्याच आवारात, महागड्या मेनूकार्डावर लावायला निघाले होते. हे मला बोचलं. अजून बोचतं. ते काम मी पूर्ण केलं, पण साध्या, स्वच्छ अक्षरात. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

मग हा फाँट कशासाठी, असं कुणीही विचारेल. माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की बाबांचा छापखाना नव्वदीच्या दशकात बंद झाला, डीटीपी म्हणजे संगणकावरची जुळणी आणि ऑफसेट छपाई यांच्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं, आणि खिळे वजनावर गेले. 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोग आपण एरवी सहज करतो. बाबांनी तो डोळ्यांनी पाहिला. ज्या खिळ्यांनी अर्ध्या गिरगावच्या लग्नपत्रिका छापल्या, ते गोणीत भरून तराजूवर चढले. भाव शिशाचा लागला. अक्षराचा भाव कुणी विचारला नाही. त्या खिळ्यांचा एक तरी ठसा कुठेतरी पुन्हा टाइप करता यावा, असं मला फार वाटतं. त्यात दुसरं काही नाही.

तंत्राचं थोडक्यात सांगते. १९८९ साली एरिक व्हान ब्लॉकलँड आणि युस्ट व्हान रॉसम या दोन डच अक्षरकारांनी 'बेओवुल्फ' नावाचा फाँट केला होता. त्यात अक्षराची कड छापताना दर वेळी आपोआप थोडी वेगळी व्हायची. कल्पना विलक्षण होती, पण माझ्या कामाची नाही. मला झीज अचानक पडलेली नको, जागेवर पडलेली हवी. म्हणून प्रत्येक मुख्य अक्षराची तीन-तीन रूपं काढली आहेत, तीन वेगळ्या ठशांवरून किंवा एकाच ठशाच्या तीन वेगळ्या दाबांवरून. शेजारी काय आहे ते पाहून रूप बदलायची सोय ओपनटाइप या फाँटच्या प्रकारात असते, ती वापरली. एक द आला की पुढचा द दुसऱ्या रूपाचा. देवनागरीत हे काम फुगतं, कारण अर्धी अक्षरं आहेत, जोडाक्षरं आहेत. टिळकांनी मराठीच्या टाइपांचा पसारा १९० वर आणायची खटपट का केली असेल, ते मला आता मनगटापासून समजतं. शिवाय संगणक अक्षराची कड बिंदू जोडून काढतो, आणि खडबडीत कडेला ते फार लागतात. माझ्या पहिल्या 'क्ष'ला इतके बिंदू झाले की नुसता तो टाइप करताना संगणक अडखळायचा. मग कात्री लावली.

गेल्या रविवारी तिन्ही द तयार झाले. मोठा 'दादर' छापून मी बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद सवयीने उलटा फिरवला, डोक्यावर उभा, आणि तसाच वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दुसऱ्या 'द'च्या शेपटीवर नख टेकवून म्हणाले, "हा मी मोडीत टाकला असता."

"का? फार झिजलाय?"

"झिजला म्हणून नाही. शेपटी तुटली आहे. झिजलेला खिळा चालतो, तुटलेला नाही. पुढच्या माणसाला तो 'ट' वाटेल."

मी त्यांच्या शेजारीच लॅपटॉप उघडला, तो द काढून टाकला आणि तिसरा पुढे आणला. पुन्हा छापलं. या वेळी त्यांनी दोन्ही द सोडून दिले, नुसती मान हलवली, आणि बोट सावकाश शेवटच्या 'र'कडे नेलं.